फोटो हललाय

मोटरसायकलची शर्यत बघायला गेलेल्या माणसाला सगळ्यात कमी काय दिसत असेल, तर ती शर्यत. धुरळा दिसतो, आवाज ऐकू येतो आणि निकाल कळतो. तोही लाउडस्पीकरवरच्या निवेदकाचा घसा शाबूत असेल तर. समोरून दहाबारा गाड्या एका दमात सुसाट निघून जातात आणि पुढची फेरी येईपर्यंत माणूस शेजारच्याला विचारतो, "पुढं कोण होता?" शेजारी छातीठोकपणे सांगतो, "निळावाला." निळ्या गाड्या तीन असतात.

अशा ठिकाणी फोटोग्राफरची गरज फार. क्रिकेटचे फोटो काढणारा सगळ्यांनी पाहिलेलंच पुन्हा दाखवतो. इथे मात्र कुणीच न पाहिलेलं दाखवावं लागतं, आणि ते खरंच घडलं होतं हेही पटवून द्यावं लागतं.

आपल्याकडची मातीतली शर्यत म्हणजे गावाबाहेरचा मोकळा माळ किंवा कुणाचा तरी एनए झालेला, पण बांधकामाचा मुहूर्त न लागलेला प्लॉट. चार दिवस आधी जेसीबी येतो आणि मातीचे ढीग रचायला लागतो. येणारा-जाणारा विचारतो, "काय, बंगला का?" "नाही, जंप." सपाट माथ्याचा मोठा ढीग म्हणजे टेबलटॉप. ओळीनं मांडलेले लहान लहान उंचवटे म्हणजे वूप्स. वूप्स बघून प्रेक्षकांतले निम्मे लोक नाक मुरडतात, कारण हे त्यांच्या गल्लीत बारमाही असतं.

शर्यतीआधी पाण्याचा टँकर फिरतो. माती किती भिजवायची याचं एक शास्त्र आहे. कमी भिजली तर पहिला गडी सोडून मागच्या कुणालाच काही दिसत नाही. जास्त भिजली तर पहिलाच गडी आडवा होतो आणि मग मागच्यांना तो एकदम जवळून दिसतो. प्रेक्षक टँकरलाही टाळ्या वाजवतात, कारण सकाळी आठची वेळ दिलेली असते आणि साडेदहापर्यंत ट्रॅकवर आलेलं ते एकमेव वाहन असतं.

हाच प्रकार माळावरून स्टेडियममध्ये नेला की त्याला सुपरक्रॉस म्हणतात. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये माती आणून टाकली, ढीग रचले आणि शर्यत लावली. ती मार्टी ट्राइप्स नावाच्या सोळा वर्षांच्या पोरानं जिंकली. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला क्लासला जायला साधी मोपेड द्यावी की नाही, यावर दोन मावश्या आणि एक काका बोलावून बैठक होते. २०२४च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. खड्ड्यांवरून उडणाऱ्या दुचाकी बघायला पुणेकरांनी तिकीट काढलं, यातच या खेळाची ताकद आली.

फोटोग्राफरच्या दृष्टीनं मात्र या खेळाची खरी अडचण माती नाही, गिऱ्हाईक आहे. एका गाडीच्या एका फोटोला चार गिऱ्हाइकं असतात आणि चौघांना चार वेगळे फोटो हवे असतात.

रायडरला हवी असते उंची. दोन्ही चाकं जमिनीपासून जितकी वर, तितका फोटो भारी. खरं तर हवेत राहणं हा शर्यतीतला तोटा आहे. चाकाला खाली माती लागली तर ते गाडी पुढे ढकलणार. हवेत ते नुसतं गरगर फिरतं. म्हणून मुरलेला रायडर उडी कमीत कमी उंच आणि लवकरात लवकर संपेल अशी घेतो. अमेरिकेच्या जेम्स स्टुअर्टनं तर गाडी उडीवरून सुटतानाच आडवी करून उंची छाटायची पद्धत गाजवली. त्याच्या टोपणनावावरून तिला 'बबा स्क्रब' म्हणतात. याचा अर्थ असा की, आभाळाला हात लावणारा जो फोटो सगळे जण पुढे पाठवतात, त्यातला गडी बहुधा सहावा आलेला असतो. पहिला आलेला त्याच क्षणी खालून निघून गेलेला असतो, आणि त्याच्याकडे कॅमेरा नसतो.

स्पॉन्सरला हवा असतो स्टिकर. टायरचं दुकान, जिम, मिसळीचं हॉटेल, जो कोणी असेल त्यानं पैसे दिलेले असतात आणि स्टिकर नेमका तिथे चिकटवलेला असतो जिथे रायडरचा गुडघा येतो. "गुडघा जरा बाजूला घ्यायला सांगा ना त्याला," अशी त्याची माफक अपेक्षा असते.

मेकॅनिकला रायडरशी देणं-घेणं नसतं. तो फोटो बोटांनी मोठा करत थेट मागच्या चाकापाशी जातो. "लँडिंगचा दाखवा. शॉकअप किती बसला ते बघू." तुम्ही जिवाच्या करारावर टिपलेल्या उडीत त्याला फक्त चेन ढिली दिसते.

चौथं गिऱ्हाईक आई. तिला चेहरा हवा असतो. आता डोक्यावर हेल्मेट, त्यावर गॉगल, त्यावर चिखल. जगात असा दुसरा खेळ नसेल ज्यात खेळाडूच्या फोटोत खेळाडू सोडून सगळं दिसतं. एका शर्यतीत अशाच एक बाई कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकून बघत होत्या.

"यात आमचा कुठला?"

"हा, मधला."

"नंबर कुठाय?"

"नंबरवर माती आहे, मावशी."

त्यांनी पदरानं स्क्रीन पुसली. माती फोटोतली होती, गेली नाही. मग त्यांनी वळणावरचा दुसरा फोटो पाहिला आणि एकदम म्हणाल्या, "हा बघा! पाय असा बाहेर टाकलाय ना, लहानपणी सायकल अशीच चालवायचा. तीन चपला घासून संपवल्या मेल्यानं." वळताना आतल्या बाजूचा पाय काढून पुढे धरणं हे मातीतल्या शर्यतीचं पहिलं तंत्र. पोरगा ते कोचकडे शिकला असं आम्ही सगळे समजत होतो.

आता मुद्दा असा की, हे चौघं जे मागतात त्यात वेग कुणीच मागत नाही. आणि फोटोग्राफर तर त्याच्यासाठीच उन्हात उभा असतो.

वेगाचा फोटो काढायचा तर शटरही वेगवान हवं, असं कुणालाही वाटेल. हिशेब बरोबरच आहे. ताशी १८० किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला ५० मीटर जाते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं, तर तेवढ्यात गाडी ५ सेंटिमीटर सरकते. दोन हजाराव्या भागापुरतं उघडलं, तर अडीच. फोटो असा लख्ख येतो की, टायरवरचं कंपनीचं नाव वाचता येतं आणि चाकाचे स्पोक मोजता येतात. फक्त गाडी उभी दिसते. रायडर पुढे वाकून, दात-ओठ खात, सिग्नल सुटायची वाट बघतोय असं वाटतं. डांबरी ट्रॅकवर तर आणखी पंचाईत. मोटोजीपीचे गडी वळणावर गाडी साठ अंशांच्याही पुढे झोपवतात, गुडघा आणि कोपर रस्त्याला टेकवतात. असा फोटो अगदी स्वच्छ काढून घरी दाखवला तर आजी विचारते, "फार लागलं का रे त्याला?"

म्हणून अनुभवी माणूस उलटं करतो. शटर साठाव्या किंवा सव्वाशेव्या भागावर आणतो, पाय रोवतो, कमरेतून वळतो आणि गाडीच्या वेगानं कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत नेतो. याला पॅनिंग म्हणतात. गाडी पुढ्यातून गेल्यावरही थांबायचं नाही, वळत राहायचं. ढीगभर फोटो काढावेत तेव्हा त्यातला एखादा साधतो. पण साधला की काय साधतो! हेल्मेट धारदार, चाकं गरगरती, आणि मागचे प्रेक्षक, झेंडे, टँकर, वडापावची गाडी, सगळ्यांच्या आडव्या रेघा. आयुष्यात पहिल्यांदा तो वडापाववालाही सुसाट निघालेला दिसतो.

हा फोटो अभिमानानं कुणाला दाखवावा, तर तो म्हणतो, "छान आहे. जरा हललाय."

हललाय नाही, हलवलाय, हे सांगायचं कुणाला? वेग फोटोत आणायचा तर फोटो बिघडवावाच लागतो. तो कुठे आणि किती बिघडवायचा, एवढीच कला.

या बिघाडाला जुनं घराणं आहे. १९१२-१३च्या सुमारास जाक-आंरी लार्तिग नावाचा विशीही न गाठलेला फ्रेंच मुलगा फ्रेंच ग्रांप्रीच्या रस्त्याकडेला कॅमेरा घेऊन उभा राहिला. मोटार आली, तसा त्यानं तिच्या रोखानं कॅमेरा वळवला. त्या कॅमेऱ्यात पडद्याची अरुंद फट काचेवरून सरकत जायची, त्यामुळे चित्राचा एक काठ आधी उमटायचा आणि दुसरा नंतर; मधल्या वेळात गाडी पुढे गेलेली असायची. परिणाम असा झाला की, फोटोत गाडीचं चाक लांबुळकं होऊन पुढे झुकलं, कडेचे खांब आणि माणसं उलट दिशेला कलली, आणि निम्मी गाडी चौकटीबाहेर राहिली. पुढे १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं लार्तिगच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. आज वेगाचा फोटो म्हटलं की जगभर तोच काढून दाखवतात. आपल्या चौकातल्या स्टुडिओत तो प्रिंटला दिला असता, तर काउंटरवरच्या पोरानं मायेनं विचारलं असतं, "दादा, हा डिलीट मारू ना?"

तंत्र जमलं तरी उभं कुठे राहायचं हा प्रश्न उरतोच. सगळ्यात देखणा फोटो वळणाच्या बाहेरच्या अंगानं मिळतो आणि सगळी मातीही तिथेच मिळते. मातीतल्या टायरला उंच उंच रबरी गट्टू असतात. वळणातून बाहेर पडताना गड्यानं अ‍ॅक्सिलरेटर पिळला की ते गट्टू मूठ मूठ माती उचलतात आणि मागे भिरकावतात. आधी लेन्सच्या हूडवर तड तड असा आवाज येतो. मग कपाळावर एक ओला खडा बसतो. मग तोंड उघडं होतं हे लक्षात येतं. रायडरच्या गॉगलवर पातळ पारदर्शक पट्ट्यांचे थर असतात. एक माखली की ती ओढून फेकायची, खाली दुसरी तयार. फोटोग्राफरकडे शर्टाची दोन टोकं असतात. डावं कॅमेऱ्याला, उजवं डोळ्यांना. दुपारपर्यंत दोन्हींचा रंग ट्रॅकचा झालेला असतो आणि त्यानं लेन्स पुसणं म्हणजे तिला लिंपणं.

जागेचा एक नियम मात्र कडक आहे: ट्रॅककडे पाठ करायची नाही. आणि नेमकं तेच प्रत्येक जण करतो, कारण ट्रॅककडे पाठ केल्याशिवाय सेल्फी निघत नाही. मार्शल शिट्ट्या फुंकून बेजार होतो. त्याच्या हातात पिवळा झेंडा असतो. पुढे धोका आहे, ओव्हरटेक करू नका, असा रायडरांसाठी त्याचा अर्थ. पण तो जोरजोरात हलायला लागला की प्रेक्षकांना वाटतं, पुढे या म्हणतोय. ते येतात.

यात हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही, हे समजून घ्यायचं तर आयल ऑफ मॅनकडे बघावं. त्या बेटावर १९०७ पासून टीटी शर्यती होतात. आताचा फेरा साठ किलोमीटरचा आणि तोही रोजच्या वहिवाटीच्या रस्त्यांवरून. गावातून, दगडी भिंतींना घासून, लोकांच्या फाटकांसमोरून. बॅलाफ नावाच्या गावातल्या पुलावरून गाड्या दोन्ही चाकांनी उडतात आणि फोटोग्राफर तिथे मुंग्यांसारखे जमतात. २०२३ मध्ये पीटर हिकमननं हा फेरा ताशी २१९ किलोमीटरच्या सरासरीनं मारला. त्याच रस्त्यानं आजवर अडीचशेहून अधिक रायडरांचा जीवही घेतला आहे. मार्शलची शिट्टी ऐकली की निमूट मागे सरावं ते यासाठी.

आता या सगळ्या वेगाची जाणीव सर्वात कमी कुणाला असते, तर चालवणाऱ्याला. ब्रॅड बाइंडर २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या ट्रॅकवर ताशी ३६६.१ किलोमीटरनं गेला. म्हणजे सेकंदाला शंभर मीटरपेक्षा जास्त. तेवढ्या वेळात त्याला पुढचा ब्रेक कुठे मारायचा याचीच चिंता. याउलट एखादे गृहस्थ जुन्या लूनावरून घाटाच्या उतारावर ताशी चाळीसनं निघालेत. डोळ्यांत पाणी, शर्टाचा फुगा, मडगार्ड खडखडतंय आणि ब्रेकवर भरवसा नाही. थरार कुणाला जास्त? लूनावाल्याला. त्याहून जास्त मागे बसलेल्या त्याच्या बायकोला, कारण मागच्या सीटवर वेग दुप्पट दिसतो आणि ब्रेक एकही नसतो. "अहो, हळू!" हे मराठी संसारातलं सर्वाधिक वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य घाटात तयार झालं असावं.

गाडी चालवणं ही गोष्टच मुळात हाताला कळते, डोक्याला नाही. वेगात उजवीकडे वळायचं असेल तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलायची; चाक निमिषभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे झोपते. हे वाचून कुणाचाही विश्वास बसत नाही, आणि रोज ऑफिसला जाताना प्रत्येक जण हेच करतो. विमानवाले राइट बंधू मूळचे सायकलचे दुकानदार. त्यांतल्या विल्बरनं अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिलं, तुम्ही वळता कसे? सगळं बरोबर सांगणारा एकही भेटला नाही. वळत मात्र सगळे होते. या ज्ञानाचा एकच धोका आहे: ते डोक्याला झालं की पुढच्या चौकात वळताना माणूस विचार करायला लागतो आणि सरळ जातो.

दुसरा नियम त्याहून कामाचा: जिकडे नजर, तिकडे गाडी. खड्डा चुकवायचा म्हणून खड्ड्याकडे टक लावून बघितलं की अख्खा रस्ता मोकळा असताना चाक त्याच खड्ड्यात जातं. रेसर म्हणून वळणात शिरायच्या आधीच वळण जिथे संपतं तिथे बघतो. त्याच्या हेल्मेटचं तोंड गाडीच्या आधी वळलेलं असतं. फोटोत वेगाची सगळ्यात खात्रीची खूण हीच. त्याची नजर चौकटीबाहेर गेलेली असते, आणि गाडी तिकडे जायची राहिलेली असते. समोर कॅमेरा रोखलेला असताना त्याच्याकडे न बघणारी महाराष्ट्रात एवढीच माणसं. बघितलं तर ती कॅमेऱ्यापर्यंत येतील, म्हणून.

बक्षीस समारंभ झाला की खरी शर्यत सुरू होते, पार्किंगमधून. दिवसभर जे पाहिलं ते सगळ्यांना एकदम करून बघायचं असतं. आरएक्स १०० वाले पुढे. ही ९८ सीसीची गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच बनली. पण तिचे मालक तिच्या टू-स्ट्रोक आवाजाविषयी घराण्याच्या गायकीइतकं बोलू शकतात. त्यांच्यामागे ट्रिपल सीट पोरं, त्यांच्यामागे स्कूटरवर डब्याची पिशवी पायात घेतलेले एक काका, तेही गेटच्या वळणावर गुडघा बाहेर काढतात. आणि ज्यानं शर्यत जिंकली तो? त्याची गाडी रस्त्यावर चालवायची नसतेच. तिला ना दिवा, ना नंबरप्लेट. तो ती टेम्पोत दोरखंडानं आवळून बांधतो, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसतो, सीटबेल्ट लावतो आणि सांगतो, "मामा, हळू घ्या. घाई नाही."

फोटोंचं पुढे काय होतं, हे कळायला रायडरच्या वाढदिवसापर्यंत थांबावं लागतं. आदल्या दिवशी मित्रमंडळ तुमचा तो पॅनिंगचा फोटो घेऊन फ्लेक्सवाल्याकडे जातं. तो स्क्रीनकडे बघून म्हणतो, "मागचं सगळं हललंय. उडवतो." आणि तो उडवतो. प्रेक्षक, झेंडे, वडापाववाला, तुम्ही कमरेत उसण भरेपर्यंत वळून मिळवलेली एकेक रेघ जाते. उरलेली गाडी तो उचलून बर्फाच्या डोंगरावर ठेवतो, म्हणजे रायडरला हवी तेवढी उंची मिळते. स्पॉन्सरचा लोगो गाडीपेक्षा मोठा लावतो. ढिली दिसणारी चेन खालच्या नेत्यांच्या गोल फोटोंमागे झाकतो, म्हणजे मेकॅनिक गप्प. कोपऱ्यात सोनेरी चौकटीत रायडरचा हेल्मेट नसलेला, दाढी केलेला फोटो येतो, आणि आई पहिल्यांदा म्हणते, "हा चांगला आलाय."

चारही गिऱ्हाइकं एका फोटोवर खूश. तेवढ्यात मंडळातला एक जण डोकं खाजवत म्हणतो, "पण गाडी उभी वाटतीय राव." फ्लेक्सवाला माऊस फिरवतो, चाकं धुरकट होतात, मागे आडव्या रेघा येतात, सायलेन्सरमधून ज्वाळा. "आता?" "आता कसं!"

फ्लेक्स चौकात चढतो. खाली चाळीस शुभेच्छुकांची नावं असतात, त्यांत फोटोग्राफरचं नसतं. त्यानं भीत भीत पैशांचा विषय काढला, तर फ्लेक्सवालाच समजूत घालतो, "दादा, तुमचा फोटो हललेला होता. दुरुस्तीचे आम्ही वेगळे लावले नाहीत, एवढं बघा."